उन्हाळी ‘मिलिटरी’ शिबिरे : फी भरण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च सरत आला की सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत रिक्षांच्या पाठीवर, खांबांवर आणि अंकाच्या घडीत घातलेल्या पत्रकांवर एकच चित्र दिसू लागते. तोंडाला काळे-हिरवे पट्टे फासलेले पोर, हातात छऱ्याची बंदूक, मागे तिरंगा आणि खाली ठळक अक्षरांत ‘एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) पहिली पायरी’. दहा दिवसांचे निवासी शिबिर असो, महिन्याभराचा ‘फाउंडेशन’ वर्ग असो, पाच दिवसांची एसएसबी (सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या चाचणीची) कार्यशाळा असो की एखाद्या सैनिकी शाळेचे सुटीतले साहस शिबिर, सगळ्यांवर ‘मिलिटरी’ हाच शिक्का. पालक मग फीला दिवसांनी भागतात आणि स्वस्त पडेल ते घेतात. हा हिशेब चुकतो, कारण या चारही वस्तू एका जातीच्या नाहीतच. कोणती कोणत्या वयाला कामाची आणि कोणती निव्वळ हौसेची, हे एकदा मांडावे म्हणून हे पत्र. लांबले आहे. कात्री लावावी लागलीच तर बाकी काहीही कापा, उन्हाचा भाग तेवढा राखा.

आधी गुणांचे पाहू. खडकवासल्याच्या एनडीएचा दरवाजा एकच : यूपीएससीची लेखी परीक्षा, तीही वर्षातून दोनदा, आणि नंतर एसएसबी. लेखी ९०० गुणांची. त्यात गणिताचे १२० प्रश्न आणि ३०० गुण, सामान्य क्षमतेचे १५० प्रश्न आणि ६०० गुण. दोन्हींना अडीच-अडीच तास. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण वजा. एसएसबीचे आणखी ९००. या १८०० गुणांत उन्हाळी शिबिराच्या प्रमाणपत्राचा रकाना कुठेच नाही. सातारच्या सैनिक शाळेच्या प्रवेशात नाही, डेहराडूनच्या आरआयएमसीत (राष्ट्रीय भारतीय सैनिक महाविद्यालयात) नाही, छत्रपती संभाजीनगरच्या एसपीआयतही (एनडीएची तयारी करून घेणाऱ्या सरकारी संस्थेतही) नाही. लॅमिनेट केलेले ते प्रमाणपत्र भिंतीवर शोभते, तेवढेच.

‘अमेरिकन अकॅडमीच्या धर्तीवर’ असेही काही पत्रकांत छापलेले असते. ती धर्ती काय आहे ते पाहणे उपयोगाचे आहे, कारण फरक तिथेच कळतो. तिकडे उन्हाळी कार्यक्रम खुद्द अकॅडमी चालवते. वेस्ट पॉइंटला ‘समर लीडर्स एक्सपिरियन्स’, ॲनापोलिसच्या नौदल अकॅडमीत ‘समर सेमिनार’, कोलोरॅडो स्प्रिंग्जला हवाई दलाचा, न्यू लंडनला तटरक्षक दलाचा ‘एम’ (अकॅडमी इंट्रोडक्शन मिशन). सगळे साधारण आठवडाभराचे आणि जवळजवळ बारावीच्या उंबरठ्यावरच्या मुलांसाठी. पोरगा कॅडेटच्या बराकीत झोपतो, कॅडेटच्या भोजनगृहात जेवतो, सकाळी पीटी करतो आणि दिवसा त्याच प्रयोगशाळांत बसतो जिथे पुढची चार वर्षे काढायची आहेत. चौघांचा पोतही एक नाही. ॲनापोलिसला जहाजबांधणी, अभियांत्रिकी आणि पाण्यावरची कामे जास्त. न्यू लंडनचा कार्यक्रम मुद्दाम पहिल्या उन्हाळ्यातल्या नव्या कॅडेटसारखा कडक ठेवलेला, आरडाओरड्यासकट. कोलोरॅडोची अकॅडमी ७,२५८ फुटांवर आहे, म्हणून सपाटीवरचा चांगला धावणारा मुलगाही पहिले दोन दिवस धापा टाकतो. वेस्ट पॉइंट आणि ॲनापोलिस इथे उन्हाळी कार्यक्रमाचा अर्ज हाच पुढे प्रवेशाच्या फाइलीचा आरंभ होतो. तरीही, जाऊन आला म्हणून प्रवेश पक्का नाही आणि गेला नाही म्हणून बादही नाही. हेतू एवढाच, की मुलाने अकॅडमी पाहावी आणि ‘हे आपल्याला झेपेल का’ हे अर्ज करण्याआधी ठरवावे. नको वाटले तर परत यावे. तोही त्या आठवड्याचा फायदाच धरतात.

आपल्याकडे शिबिर घेणारा एक, परीक्षा घेणारा दुसरा आणि निवडणारा तिसरा. शिबिरवाल्याचा मुलाच्या निवडीशी कसलाही संबंध नाही. म्हणून इथल्या शिबिराकडून अमेरिकेतल्यासारखी ‘अकॅडमीची ओळख’ मागण्यात अर्थ नाही. त्याच्याकडून मागायचे ते दुसरेच : मूल आठ-दहा दिवस घराबाहेर राहते का, पहाटे पाचला उठून स्वतःचे अंथरूण घडी घालते का, दहा अनोळखी मुलांत मिसळते का. नाशिकच्या भोंसला मिलिटरी स्कूलसारख्या, १९३७ पासून चालत आलेल्या संस्थेकडे निदान मैदान, वसतिगृह, स्वयंपाकघर आणि वर्षभर काम करणारे प्रशिक्षक कायमचे असतात. एप्रिलपुरते मंगल कार्यालय किंवा सुटीत रिकामी पडलेली आश्रमशाळा भाड्याने घेऊन भरवलेल्या शिबिराकडे यातले काहीच आपले नसते. पहिला प्रश्न म्हणून हाच विचारावा : जून ते मार्च ही जागा आणि हे उस्ताद (प्रशिक्षक) काय करतात?

दुसरा प्रश्न संख्येचा. समजा चाळीस मुलांची एक तुकडी, एक उस्ताद आणि छऱ्याच्या दोन बंदुका. प्रत्येकाने पाच छरे उडवायचे. पालथे पडणे, पकड समजावणे, नेम, छरा भरणे, निशाण पाहणे असे धरून एका मुलाला पाच मिनिटे लागतात. दोन-दोन करून चाळीस मुलांना शंभर मिनिटे. म्हणजे ‘रायफल शूटिंग’ हा ठळक शब्द दहा दिवसांत एका मुलाच्या वाट्याला पाच छऱ्यांचा येतो, उरलेला वेळ तो रांगेत बसून असतो. अडथळ्यांचेही तसेच. एसएसबीत दहा अडथळे तीन मिनिटांत पार करायचे असतात. त्याच मापाने चाळीस मुलांची एक फेरी दोन तासांची. एकेक फेरी झाली की मैदान तापलेले. जिथे दर दहा-बारा मुलांमागे एक प्रशिक्षक आहे तिथेच हे खेळ खेळ राहतात. गोळीबाराच्या जागेमागे मातीचा बांध आहे का, नेमबाजाच्या डोळ्यावर चष्मा असतो का आणि छरे हाताळल्यावर जेवणाआधी साबणाने हात धुवायला लावतात का, हेही पाहावे. छरे शिशाचे असतात आणि तेच हात पोळीला लागतात.

आता वयाचे, कारण खरी निवड वयावरच होते.

पाचवीत गेलेल्या किंवा जाणाऱ्या मुलासाठी समोर आहे ती सैनिक शाळेची सहावीची प्रवेश परीक्षा. सातारची शाळा २३ जून १९६१ ची, देशातली पहिली सैनिक शाळा. चंद्रपूरची अलीकडची. वय ३१ मार्चला दहा ते बारा वर्षांच्या आत. पेपर ३०० गुणांचा आणि त्यातले निम्मे, म्हणजे १५०, एकट्या गणिताचे : ५० प्रश्न, प्रत्येकी ३ गुण. भाषा, बुद्धिमत्ता आणि सामान्य ज्ञान प्रत्येकी ५० गुण. वेळ अडीच तास, चुकीला वजाबाकी नाही. हा पेपर मराठीतून देता येतो. अर्ज बहुधा दिवाळीच्या मागेपुढे निघतात आणि परीक्षा बहुधा जानेवारीत होते. २०२५ मध्ये ती ५ एप्रिलपर्यंत लांबली होती. मे ते जानेवारी असे आठ महिने हाताशी असतात. या मुलाला ‘दहिने मूड’ आणि ‘तेज चल’ शिकवण्यापेक्षा रोज एक तास अपूर्णांक, सरासरी, शेकडेवारी, नफा-तोटा आणि काळ-काम-वेग हे जास्त कामाचे. कोणत्याही दहा दिवसांच्या शिबिराच्या वेळापत्रकात गणिताचे किती तास आहेत ते मोजावे. बहुतेक पत्रकांत शून्य निघतात.

इथे एक घोळ वारंवार होतो. ‘सैनिक शाळा’ आणि ‘सैनिकी शाळा’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या केंद्राच्या संरक्षण मंत्रालयाखालच्या सैनिक स्कूल सोसायटीच्या. दुसऱ्या राज्याच्या धोरणातून जिल्ह्याजिल्ह्यांत निघालेल्या, संस्थाचालकांच्या. दुसरीत शिकून एनडीएत जाता येत नाही असे मुळीच नाही. पण एका वेलांटीचा फायदा घेऊन जाहिरात करणारे आहेत. त्यामुळे ‘सैनिक शाळेची शिबिरे’ असे कुणी सांगितले की कोणती शाळा आणि कोणत्या गावची, हे नावासकट विचारावे.

सहावी-सातवीच्या मुलांना आरआयएमसी आहे. १३ मार्च १९२२ रोजी सुरू झालेली डेहराडूनची संस्था, प्रवेश आठवीत, वय साडेअकरा ते तेरा. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. आपल्याकडे ती पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेमार्फत होते. गणित २०० गुण, इंग्रजी १२५, सामान्य ज्ञान ७५, मग तोंडी ५०. २०२२ पासून मुलींनाही प्रवेश आहे. जूनच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलाला मे महिन्यात दहा दिवस शिबिरात धाडणे म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी वऱ्हाड दुसऱ्या गावी पाठवणे. डिसेंबरला बसणारा असेल तर मे महिना मोकळा आहे, खुशाल पाठवा.

आठवी-नववीच्या मुलांना एनसीसीसारखी गोष्ट नाही, आणि ती फुकट आहे. ज्युनिअर डिव्हिजनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, ‘ए’ प्रमाणपत्र, आणि वार्षिक प्रशिक्षण शिबिर साधारण दहा दिवसांचे. तिथे परेड शिकवायला सैन्यातून आलेला पीआय स्टाफ असतो, पॉइंट टू-टूची खरी रायफल हाताला लागते, गोळीबार नियमातल्या रेंजवर होतो आणि डॉक्टर, जेवण, पांघरुणाची जबाबदारी बटालियनची असते. खासगी शिबिरातल्या बारा-पंधरा हजारांच्या फीत जे मिळते त्याहून एनसीसीचे शिबिर कडकही असते आणि खरेही. अडचण एकच, की ते सुटीतच येईल असे नाही आणि शाळेत एनसीसीचे युनिट असावे लागते. नववीत सैनिक शाळेत जायचे असेल तर पेपर ४०० गुणांचा, तीन तासांचा, आणि तो फक्त इंग्रजीत येतो. मराठी माध्यमाची मुले इथे अडखळतात.

इंग्रजीचा मुद्दा एवढ्यावर सोडून चालत नाही. एनडीएचा पेपर इंग्रजी-हिंदीत असतो, मराठीत नाही. सामान्य क्षमतेच्या ६०० पैकी २०० गुण निव्वळ इंग्रजीचे. सोलापूरच्या मुलाला भाषेची भीती असायचे खरे तर कारण नाही. घरी तेलुगू किंवा कानडी, गल्लीत दखनी, शाळेत मराठी असे तीन-चार भाषांत तो रोज वावरतो. कमी पडते ती वाचनाची सवय. सुटीतले साठ दिवस रोज इंग्रजी वर्तमानपत्राचे एक पान मोठ्याने वाचणे आणि पाच वाक्ये लिहिणे, याला फी लागत नाही. म्हणून जाहिरातही होत नाही.

दहावी दिलेल्या मुलांसाठी उन्हाळा सर्वांत महत्त्वाचा. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था, म्हणजेच एसपीआय, राज्य शासनाची, १९७७ पासूनची. अकरावी-बारावी तिथे राहून एनडीएची तयारी. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला आहे. अर्ज दहावीत असतानाच करायचा असतो आणि लेखी परीक्षा बोर्डाच्या पाठोपाठ येते. दरवर्षी कितीतरी हुशार मुले नुसती तारीख चुकल्याने हुकतात. बोर्डाचा शेवटचा पेपर आणि एसपीआयची परीक्षा यांच्यामधल्या दिवसांत मुलाला कुठल्याही कमांडो शिबिरात पाठवू नये. त्या दिवसांत आठवी ते दहावीचे गणित आणि विज्ञान पुन्हा चाळावे.

अकरावी-बारावीच्या सुटीत मात्र महिना-दीड महिन्याचा अभ्यासवर्ग खरोखर उपयोगी पडतो. चांगला वर्ग कसा ओळखावा? पहिल्या आठवड्यात तो जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवून घेतो आणि चुकांची वही करून घेतो. गणितात एका चुकीला ०.८३ गुण जातात, सामान्य क्षमतेत १.३३. किती प्रश्न सोडून द्यायचे हे शिकवणारा शिक्षक सापडला तर त्याला धरून ठेवावे. सामान्य ज्ञानाच्या ४०० गुणांत साधारण भौतिकशास्त्र १००, रसायन ६०, सामान्य विज्ञान ४०, इतिहास आणि भूगोल प्रत्येकी ८०, चालू घडामोडी ४० अशी विभागणी असते. ज्या वर्गात चालू घडामोडींच्या पुस्तिकांचा ढीग आहे आणि भूगोलाचा नकाशा भिंतीवर नाही, तिथे वाटणी उलटी चाललेली आहे. नौदल आणि हवाई दलासाठी बारावीला भौतिक, रसायन, गणित लागते, भूदलाला कोणतीही शाखा चालते. अकरावीला शाखा घेतानाच हे माहीत असावे लागते.

सातवी-आठवीच्या पोरांना ‘एसएसबी ओरिएंटेशन’ विकणे हा मात्र शुद्ध बाजार आहे. एसएसबीच्या पाच दिवसांत मानसशास्त्रज्ञ, मैदानावर गटाच्या कसोट्या घेणारा जीटीओ आणि मुलाखत घेणारा अधिकारी, तिघे स्वतंत्रपणे एकाच माणसाकडे पाहतात आणि शेवटच्या दिवशी एकत्र बसून पडताळतात. चित्र पाहून गोष्ट लिहायची, ६० शब्दांना प्रत्येकी १५ सेकंदांत वाक्य, ३० मिनिटांत ६० प्रसंग. पाठ केलेली ‘राजूने गावात विहीर खोदली’ छापाची गोष्ट लिहिणारा मुलगा मैदानावर फळी आणि दोरी समोर आली की मागे उभा राहतो. मग कागदावरचा राजू आणि मैदानावरचा मुलगा जुळत नाहीत. पाठांतर केलेली मुले याच फटीत अडकतात. लेखी पास झाल्यावर चार दिवस सराव घेऊन कामाचे स्वरूप समजून घेणे ठीक. बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडी ‘ऑफिसर लाइक क्वालिटीज’ची पंधरा नावे घालून काही साधत नाही. त्यापेक्षा त्याला गणेशोत्सवाच्या मंडळात वर्गणीचा हिशेब लिहायला द्या.

फी भरण्याआधी दोन-तीनशे रुपयांची एक गोष्ट करून घ्यावी, ती म्हणजे डोळे. चष्म्याचा नंबर आणि रंगांची पारख नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घ्या. ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायची ती चाचणी पाच मिनिटांची आहे. वैमानिक व्हायचे स्वप्न घेऊन चार उन्हाळे घालवलेल्या मुलाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही हे बारावीत समजणे फार क्रूर असते. वैमानिकासाठी उंची साधारण १६३ सेंटिमीटर लागते, बाकी मुलांना साधारण १५७, मुलींना १५२. मोठे होणाऱ्या मुलाची आत्ताची उंची पाहून मात्र घाबरू नये. तळपाय सपाट आहेत का, उभे राहिल्यावर गुडघे एकमेकांना लागतात का, हे ओल्या पायाने फरशीवर उमटवून आणि आरशासमोर उभे राहून घरीही दिसते. आणि जत्रेत हातावर गोंदवून घेऊ देऊ नका. कायमस्वरूपी गोंदणाला मर्यादित जागेवरच मुभा आहे.

आता ऊन. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ च्या घरात असतो, मैदानावरच्या मातीचा त्याहून वर. महिनाभर परीक्षेसाठी कूलरसमोर बसलेला मुलगा एकदम अशा मैदानावर उतरतो. शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. दहा दिवसांचे शिबिर म्हणजे सवय होत आली आणि शिबिर संपले. म्हणून पहिले तीन दिवस निम्मे काम, मग हळूहळू वाढ असेच वेळापत्रक हवे. पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर पळवणारे शिबिर कडक नाही, अडाणी आहे. मैदानावरचे काम सकाळी साडेआठ-नऊला संपले पाहिजे आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत पुन्हा सुरू होता कामा नये. छापील वेळापत्रकात ‘११ ते १२ : पनिशमेंट पीटी’ असे दिसले तर तो कागद तिथेच परत करावा.

पाणी तहान लागल्यावर नव्हे, घड्याळाने. मैदानावर असताना दर वीस मिनिटांनी साधारण कपभर, दीड-दोनशे मिली. ‘ड्रिल चालू असताना पाणी नाही’ हा नियम असलेल्या ठिकाणी मूल पाठवू नये. ओआरएसची लिटरची पुडी एक लिटर पाण्यात एक, पूर्ण. शिबिरांत हमखास होणारी चूक म्हणजे एक पुडी एका पेल्यात कालवून देणे. ते दाट द्रावण मुलाच्या पोटात गेले की उलटी होते आणि मीठ वाढते. उरलेले द्रावण दुसऱ्या दिवशी वापरू नये. लघवी चहासारखी गडद झाली, पोटऱ्यांत गोळे आले, डोके दुखून मळमळले की काम बंद, सावली, पाणी. आणि मूल बरळायला लागले, नाव विचारल्यावर चुकीचे उत्तर देऊ लागले, तर तो उष्माघात. मग गाडीची वाट पाहत न बसता आधी अंगावर पाणी ओतायचे, ओली चादर, पंखा आणि त्याचबरोबर रुग्णालय. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालायचे नाही. शिबिरातल्या स्वयंपाक्यापासून पहारेकऱ्यापर्यंत प्रत्येकाला हे येते का, ते पालकांच्या बैठकीत विचारावे. जवळचे रुग्णालय किती मिनिटांवर आहे आणि रात्री दोन वाजता गाडी कुणाची, हेही.

पायांकडे दुर्लक्ष हे दुसरे. निघायच्या आदल्या संध्याकाळी घेतलेले नवे कॅनव्हासचे बूट तिसऱ्या दिवशी मुलाला आडवे करतात. टाचेची कातडी आधी पांढरी पडते, मग पाण्याचा फुगा येतो, तो फुटला की मातीत लाल मांस. बूट तीन आठवडे आधी घ्यावेत, संध्याकाळी घ्यावेत (तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो), अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवावी आणि रोज अर्धा तास घालून फिरावे. मोजे कोरडे, बदलायला रोज एक जोड. फोड आलाच तर वरची कातडी सोलू नये, स्वच्छ पट्टी बांधून दोन दिवस पळणे बंद. सिमेंटच्या अंगणात पळवल्याने नडगीच्या हाडाला येणारा ठणका वेगळा. तो ‘सहन कर’ म्हटल्याने वाढतो.

घरच्या घरी मोजायचे असेल तर यूपीएससीच्या सूचनेतच माप दिलेले आहे : २.४ किलोमीटर १५ मिनिटांत, किमान २० जोर, २० सिट-अप्स, ८ चिन-अप्स, दोरीवर तीन ते चार मीटर चढणे. चारशे मीटरच्या ट्रॅकवर सहा फेऱ्या, एक फेरी अडीच मिनिटांत. सकाळी सहाला मैदानावर घड्याळ घेऊन गेले की कळते. हे माप एनडीएला जाणाऱ्या मुलाचे आहे, पाचवीतल्या नव्हे. चिन-अप्सवर बहुतेक मुले अडकतात. लटकून राहण्यापासून सुरुवात करून एकेक वाढवत गेले तर तीन-चार महिने लागतात. दहा दिवसांत आठ चिन-अप्स कुणी करवून देत नाही.

शेवटी पैशाचे आणि कागदाचे. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी वर्गात घेऊ नये, यशाची हमी देऊ नये आणि मधेच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी असे आहे. ‘आमचे शिबिर आहे, क्लास नाही’ ही पळवाट त्यासाठीच काढतात. निदान पावतीवर ‘फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ हे वाक्य आहे का ते सही करण्याआधी वाचावे आणि ‘आजारपणात डॉक्टरांच्या दाखल्यावर परत’ असे लिहून घ्यावे. नोव्हेंबर २०२४ पासून ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या सूचनाही लागू आहेत : निवड झालेल्या मुलाचा फोटो जाहिरातीत वापरायचा तर निवडीनंतर त्याची लेखी संमती हवी आणि तो नेमक्या कोणत्या अभ्यासक्रमाला, किती काळ होता हेही छापायला हवे. आपल्या शहरातल्या फ्लेक्सवर हे कितीदा दिसते ते मान वर करून पाहावे. दोन दिवसांच्या मोफत मार्गदर्शनाला येऊन गेलेला मुलगा पुढे सात फ्लेक्सवर ‘आमचा विद्यार्थी’ होतो. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

निवासी शिबिरात मुली असतील तर रात्री मुक्कामाला महिला प्रशिक्षक कोण, तिचे नाव काय, हे आधी कळायला हवे. कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी मागायला संकोच करू नये. मुलांचे मोबाइल जमा करून घेतात ते ठीक, पण रोज ठरलेल्या वेळी घरी एक फोन करू द्यायलाच हवा आणि तोही उस्तादांनी शेजारी उभे न राहता. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक मुलाला पाठ करून पाठवावा. पहिल्या भेटीत स्वयंपाकघर आणि संडास दाखवायला टाळाटाळ केली तर मैदान कितीही छान असो, घरी यावे.

आपल्या दैनिकाकडून एक मागणे. शिबिरांच्या जाहिराती छापता त्याच पानाच्या एका कोपऱ्यात, चार ओळींत, सैनिक शाळा, आरआयएमसी, एसपीआय आणि एनडीए यांच्या अर्जाच्या त्या वर्षीच्या अखेरच्या तारखा द्याव्यात. बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोटकडच्या गावांत संकेतस्थळ रोज उघडून पाहणारे कुणी नसते, पेपर मात्र पारावर येतोच. एसपीआयच्या अर्जाची तारीख फेब्रुवारी-मार्चमध्येच द्यावी लागेल. एप्रिलमध्ये दिली तर उशीर झालेला असेल.

कळावे,

एनसीसीचे काम पाहिलेले एक निवृत्त शिक्षक,
जुळे सोलापूर